आरोग्यवार्ता : नव्या शोधांत घरच्यांचा वाटा

वर्तमानपत्रात ‘नवा शोध’ असा मथळा दिसला की, आमच्या खेड्यांतील वाचकांची समजूत अशी होते की, ही गोष्ट कोठेतरी सातासमुद्रांपलीकडे, काचेच्या नळ्यांच्या आणि पांढऱ्या डगल्यांच्या जगात घडली. तिचा आपल्या चुलीशी, आपल्या शेताच्या बांधाशी व आपल्या बाळंतिणीच्या खोलीशी काडीचाही संबंध नाही. ही समजूत दूर करावी, ह्याच हेतूने आम्ही आज लेखणी हाती घेतली आहे.

कोकणातील विंचवाचेच उदाहरण घ्या. तांबड्या विंचवाच्या दंशाने एके काळी तेथे कितीतरी मुले व धडधाकट माणसे दगावत असत. महाड तालुक्यात सरकारी दवाखान्यात काम करणाऱ्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी ह्या रोग्यांच्या उशाशी बसून, त्यांची नाडी व रक्तदाब तासातासाला पाहून, रक्तदाबावरील प्राझोसिन नावाची साधी गोळी त्यांना जीवदान देऊ शकते, हे दाखवून दिले. हे निष्कर्ष १९८६ साली ‘लॅन्सेट’ ह्या विख्यात इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले व पुढे जगभर मान्य झाले. तात्पर्य, शोध हा केवळ राजवाड्यासारख्या प्रयोगशाळेतच लागतो असे नाही. तो खेड्यातील दवाखान्याच्या ओट्यावरही लागतो.

गेल्या काही वर्षांतील असेच चार विषय आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. विषय निरनिराळे आहेत. परंतु त्या सर्वांत एक सूत्र आम्हांस आढळले. औषध कितीही गुणकारी असो, त्याचा अर्धा भार घरच्या माणसांनाच उचलावा लागतो.

क्षयरोग्याचे ताट

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख ह्या जर्मन वैद्याने १८८२ साली जगापुढे आणला. त्यानंतर औषधेही निघाली, आणि ती सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात. असे असूनही जगातील एकूण क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आजही आपल्या भारतात आहे. हे का व्हावे?

ह्याचे एक उत्तर असे की, जंतू शरीरात शिरला म्हणजे क्षय झालाच, असे नाही. बहुतेकांच्या शरीरात तो निजून राहतो. शरीराची ताकद खचली की तो डोके वर काढतो. आणि ताकद खचण्याचे आपल्याकडील सर्वांत मोठे कारण म्हणजे अपुरे अन्न. ही गोष्ट वैद्यांना फार दिवसांपासून ठाऊक होती. पण पोटभर अन्न दिले असता क्षय खरोखर किती टळतो, ह्याचे चोख माप कोणी घेतले नव्हते.

ते माप मंगळूरच्या येनेपोया वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. अनुराग भार्गव व डॉ. माधवी भार्गव आणि त्यांचे सहकारी ह्यांनी घेतले. झारखंडच्या चार जिल्ह्यांत, २०१९ ते २०२२ ह्या काळात, २,८०० क्षयरोगी व त्यांच्या घरांतील १०,३४५ माणसे त्यांनी आपल्या देखरेखीखाली घेतली. प्रत्येक रोग्याला औषधांबरोबर दरमहा दहा किलोंचा शिधा दिला : तांदूळ, डाळ, दुधाची भुकटी व तेल. मात्र घरातील इतर माणसांच्या बाबतीत दोन गट केले. एका गटातील घरांत माणशी दरमहा पाच किलो तांदूळ व दीड किलो तूरडाळ, शिवाय जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. मुलांना त्या मानाने कमी. दुसऱ्या गटातील घरच्यांना हा शिधा नव्हता.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा वैद्यकीय जगाने माना डोलावल्या. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला, त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. म्हणजे जेथे शंभर जणांस क्षय झाला असता, तेथे एकसष्ट जणांसच झाला. ज्याच्या थुंकीत जंतू सापडतात व जो दुसऱ्यास लागतो, तो फुप्फुसांचा क्षय तर ४८ टक्क्यांनी कमी झाला. घरच्या माणसांच्या ह्या शिध्याचा खर्च किती म्हणाल, तर २०१९ च्या भावाने माणशी महिना सुमारे सव्वातीनशे रुपये!

रोग्यांविषयीचा निष्कर्षही तितकाच बोलका आहे. आरंभी पाचांपैकी चार रोगी वाजवीपेक्षा कमी वजनाचे होते. औषध सुरू झाल्यापासून दोन महिन्यांत ज्यांचे वजन शेकडा पाचाने वाढले, म्हणजे चाळीस किलोंच्या माणसाचे दोन किलोंनी वाढले, त्यांच्या मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी असल्याचे दिसून आले.

आता हे आपल्या घरांशी ताडून पाहा. घरात क्षय निघाला की आपण काय करतो? रोग्याचे ताट-पेला वेगळा करतो, आणि मुलीचे लग्न मोडेल ह्या भीतीने रोगाचे नावही काढीत नाही. पण क्षय ताटातून पसरत नाही. तो खोकल्यातून, हवेतून पसरतो. ताट वेगळे करण्याऐवजी ते भरलेले असावे, आणि नुसते त्याचेच नव्हे, तर घरातील प्रत्येकाचे भरलेले असावे, असा ह्या संशोधनाचा सांगावा आहे. आमच्या कित्येक घरांत सून सर्वांच्या मागून जेवते आणि कढईच्या तळाशी उरलेले पदरात घेते. तिला कोणी उपाशी ठेवलेले नसते. रीतच तशी पडलेली असते. ह्या रीतीची किंमत काय असते, ते ह्या आकड्यांनी दाखविले आहे.

वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे : दोन आठवड्यांहून अधिक दिवस खोकला राहिल्यास थुंकी तपासून घ्यावी, घरात क्षय निघाल्यास इतरांचीही तपासणी करवावी व त्यांना प्रतिबंधक गोळ्या हव्यात का, हे डॉक्टरांना विचारावे. औषध चालू असता सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून रोग्याच्या बँक खात्यात रक्कम जमा होते. आरंभी ती दरमहा ५०० रुपये होती, २०२४ च्या नोव्हेंबरपासून १,००० रुपये झाली. ती शिध्यावरच खर्च व्हावी, उधारी भागविण्यावर नव्हे.

बाळंतिणीचे रक्त

बेळगावकडील वाचकांना ही वार्ता विशेष वाटेल. प्रसूतीनंतर अतोनात रक्त जाणे हे जगात बाळंतिणींच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण आहे. दरवर्षी हजारो माता ह्या एकाच कारणाने जातात. ह्यांतील बहुतेक मृत्यू टाळता येण्याजोगे असतात. घात होतो तो रक्त किती गेले हे वेळीच न समजल्यामुळे. चादरीत, कपड्यांत, जमिनीवर मुरलेले रक्त डोळ्यांच्या अंदाजाने मोजले जाते, आणि अनुभवी डोळेही येथे फसतात.

हे किती फसतात, ते बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी अमेरिकन सहकाऱ्यांसह दाखविले. त्यांनी प्लॅस्टिकची एक साधी चादर तयार केली. तिच्या खालच्या टोकास मापाच्या खुणा असलेली पिशवी. प्रसूतीनंतर रक्त त्या पिशवीत उतरते आणि किती गेले ते खुणेवर वाचता येते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या तुलनेत, डोळ्यांचा अंदाज खऱ्या मापापेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी भरला. त्याच वर्षी त्यांचा दुसरा निबंध आला. बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत, घरी वा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १,६२० स्त्रियांवर केलेल्या प्रयोगात, नर्सबाईंनी प्रसूतीनंतर लगेच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या असता अतिरक्तस्रावाचे प्रमाण शेकडा १२ वरून शेकडा ६.४ वर आले. ह्या गोळ्यांना शीतकपाट लागत नाही की सुई लागत नाही. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने ह्या कामासाठी त्यांचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

मापाच्या चादरीची पुढील कहाणी २०२३ ची आहे. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया ह्या देशांतील ८० रुग्णालयांत, दोन लाखांहून अधिक प्रसूतींचा एक मोठा अभ्यास बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या पुढाकाराने झाला. निम्म्या रुग्णालयांत मापाची चादर वापरली. आणि रक्त ठरावीक खुणेस पोहोचताच पाच गोष्टी एकदमच केल्या : गर्भाशय चोळणे, ते आवळून धरणारे औषध, रक्त थांबविणारे ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड, शिरेतून सलाईन, आणि जखम कोठे आहे ह्याची तपासणी. ह्यांतील एकही गोष्ट नवी नाही. पूर्वी एक उपाय करून वाट पाहत, मग दुसरा करीत. येथे वाट पाहणेच बंद केले. परिणाम असा झाला की, भयंकर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावे लागणे अथवा मृत्यू, ह्यांचे एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. २०२५ च्या ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेने आणखी एक पाऊल पुढे टाकले : पूर्वीप्रमाणे अर्धा लिटर रक्त जाईपर्यंत थांबू नये, ३०० मिलिलिटरला बाळंतिणीची नाडी वा रक्तदाब बिघडलेला दिसला तरी उपाय सुरू करावेत.

घरच्यांचा वाटा येथे कोणता? पहिला, प्रसूती दवाखान्यातच व्हावी. दुसरा, गरोदरपणी लोहाच्या गोळ्या नेमाने घेतल्या जाव्यात. कारण जिच्या अंगात मुळात रक्त कमी, तिला थोडासा स्रावही सोसवत नाही. तिसरा, दवाखान्यातून घरी आल्यावर एका तासात दोन कपडे भिजावेत इतके रक्त जाऊ लागले, घेरी आली वा हातपाय गार पडले, तर ‘बाळंतपणात एवढे चालायचेच’ असे म्हणून सकाळची वाट पाहू नये. असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्या बायका प्रेमाच्याच असतात. पण रक्त कोणाचे प्रेम ओळखत नाही.

कमी वजनाचे मूल

अपुऱ्या दिवसांचे वा फार लहान मूल जन्मले की त्याला काचेच्या पेटीत ठेवतात, व आई दुसऱ्या खोलीत तळमळत पडते, हे चित्र आपल्या परिचयाचे आहे. कोलंबिया देशातील बोगोटा शहरी, १९७० च्या दशकाच्या अखेरीस, पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा डॉ. एडगर रे ह्यांनी आईच्याच उघड्या छातीशी मूल बांधून ठेवण्याची युक्ती काढली. कांगारू ह्या प्राण्याच्या पिशवीवरून तिला ‘कांगारू पद्धत’ हे नाव मिळाले. तथापि इतकी वर्षे नियम असा होता की, आधी मूल पेटीत स्थिर व्हावे आणि मगच ते आईकडे द्यावे.

हा नियमच तपासून पाहण्याचे धाडस दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय आणि घाना, मलावी, नायजेरिया व टांझानिया येथील रुग्णालये ह्यांनी केले. एक किलोपासून एक किलो आठशे ग्रॅमपर्यंत वजनाची ३,२११ मुले त्यांनी अभ्यासली. निम्मी मुले जन्मतःच आईच्या छातीशी ठेवली. आणि ती दिवसाचे जवळजवळ सतरा तास तेथेच राहिली. उरलेली मुले जुन्या रीतीने आधी पेटीत ठेवली. पहिल्या २८ दिवसांत जुन्या रीतीच्या मुलांपैकी शेकडा १५.७ दगावली, आईजवळच्यांपैकी शेकडा १२. म्हणजे मृत्यू पाव हिश्शाने घटले. फरक इतका स्पष्ट होता की, अभ्यास वेळेपूर्वीच थांबविण्यात आला. हे निष्कर्ष २०२१ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झाले, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने आपली शिफारस बदलली.

आईच्या अंगाची ऊब, तिच्या अंगावरचे दूध आणि परक्या हातांचा कमी स्पर्श, एवढेच ह्या औषधाचे घटक आहेत. आई आजारी असल्यास बापाने वा आजीने मूल छातीशी धरावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण एक गोष्ट ध्यानी घ्या. दिवसाचे सतरा तास मूल छातीशी धरून बसणारी आई पाणी भरू शकत नाही, भाकरी थापू शकत नाही. ते काम दुसऱ्या कोणी तरी उचलले, तरच ही पद्धत घरात टिकते. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनी खेड्यातील स्त्रियांनाच शिकवून घरोघरी नवजात मुलांची काळजी घेण्याची व्यवस्था केली, तेव्हा ३९ गावांतील नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले होते. आज बाळंतपणानंतर आशाताई घरी येऊन मुलाचे वजन करते, ती ह्याच कामाची परंपरा होय. तिला दारातूनच परत पाठवू नये.

सर्पदंश

शेवटचा विषय पावसाळ्याचा. २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने मेली, म्हणजे वर्षाकाठी सरासरी ५८,०००, असा हिशेब २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर ह्या महिन्यांतले. सुमारे ७० टक्के मृत्यू आठ राज्यांच्या सखल ग्रामीण भागांत घडले. त्यांत मध्य प्रदेश, गुजरात आणि तेलंगणासह आंध्र प्रदेश हे आहेत. तेव्हा इंदूर, बडोदे व हैदराबादकडील वाचकांनीही हा विषय आपलाच समजावा.

आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे ह्या चार सर्पांच्या विषांवर चालते. घोड्याला थोडथोडे विष टोचून, त्याच्या रक्तातून ते तयार करतात. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची आहे. त्यायोगे असंख्य प्राण वाचले. परंतु घोड्याच्या रक्तातील परके घटक कित्येकांना सोसत नाहीत.

ह्या दिशेने दोन नव्या वार्ता आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीत बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था व अमेरिकेतील स्क्रिप्स संशोधन संस्था ह्यांच्या शास्त्रज्ञांनी इतरांसह मानवी प्रतिद्रव्य प्रयोगशाळेत घडविल्याचे जाहीर केले. नाग व मण्यार ह्यांच्या कुळातील काही सर्पांच्या विषातील मज्जातंतू लुळे करणारा घटक ते निकामी करते. २०२५ च्या मे महिन्यात दुसरा निबंध आला. टिम फ्रीड नावाच्या अमेरिकन गृहस्थाने जवळजवळ अठरा वर्षे स्वतःला निरनिराळ्या सर्पांचे विष टोचून घेतले होते. त्याच्या रक्तातील दोन प्रतिद्रव्ये व एक औषध ह्यांच्या मिश्रणाने, त्याच कुळातील १९ सर्पांपैकी १३ सर्पांच्या विषापासून पूर्ण व उरलेल्या सहांपासून काही अंशी संरक्षण मिळाले. (फ्रीडचे अनुकरण कोणी स्वप्नातही करू नये.)

परंतु वाचकहो, येथे आम्ही आपणांस थांबवितो. हे संरक्षण मिळाले ते उंदरांना. माणसांवरील परीक्षा ही निराळी व दीर्घ पायरी आहे. शिवाय घोणस व फुरसे ह्यांचे कूळच वेगळे; त्यांच्या विषाला हे उपाय लागू नाहीत. वर सांगितलेला शिधा, चादर व आईची ऊब हे उपाय हजारो माणसांवर तपासले गेले. हा अद्याप तसा तपासलेला नाही. नवा शोध वाचताना ‘कोणावर तपासला?’ हा प्रश्न आधी विचारावा, म्हणजे फसगत होत नाही.

तोवर जुने प्रतिविष हाच आधार आहे, आणि ते देवर्षाच्या मंत्रात नव्हे, दवाखान्याच्या कपाटात असते. दंशाच्या जागी चिरू नये, चोखू नये, दोरी करकचून आवळू नये. माणसाला धीर द्यावा, दंश झालेला हात वा पाय हलू देऊ नये, चालवू नये. आणि १०८ ची गाडी बोलावून वा मिळेल त्या वाहनाने तडक दवाखाना गाठावा. मण्यार रात्री निजलेल्या माणसास चावते व पुष्कळदा ते कळतही नाही. पहाटे पोटात दुखू लागले, पापण्या मिटू लागल्या, तर तिची शंका घ्यावी. जमिनीवर निजणाऱ्यांनी मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचून निजावे.

हे चारही विषय लिहून झाल्यावर आम्ही सहज हिशेब केला. तांदूळ-डाळ, खुणांची पिशवी, आईची छाती आणि वेळेवर मिळालेले वाहन. ह्यांतील एकही वस्तू श्रीमंतांचीच म्हणता येणार नाही. उणीव आहे ती वेळीच हालचाल करण्याची, आणि घरातील सर्वांत शेवटी जेवणाऱ्या माणसाकडे आधी पाहण्याची. तेव्हा ह्या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने रात्रीच्या जेवणाच्या वेळी तीन गोष्टींची चौकशी करावी, अशी आमची विनंती आहे : प्रतिविष असलेला जवळचा दवाखाना कोणता, रात्री-अपरात्री वाहन कोणाचे मिळेल, आणि आज सुनेच्या ताटात डाळ पडली का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तिला विचारू नये; भांड्यात पाहावे.